पाटणी चौकातली बिनक्लचची गाडी

शहरातली मालवाहतूक विजेवर आणायची म्हटलं की चर्चा मुंबई-पुण्याच्या गोदामांभोवती फिरते. पण विजेवरच्या मालगाडीची खरी गरज कुठे आहे ते पाहायचं तर वाशीमसारख्या गावात पाहावं, असं मला फार दिवस वाटत होतं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी शहर आटोपशीर आहे. रेल्वे स्टेशन, बाजार समिती, पाटणी चौक, रिसोड नाका, पुसद नाका ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून फार दूर नाहीत. ठोक दुकानातून किरकोळ दुकानात जाणारी साखरेची पोती, तेलाचे डबे, सिमेंट, फरशी, उन्हाळ्यात कूलर, हा सगळा माल लोडिंग ऑटोवर फिरतो. फेरी दोन-तीन किलोमीटरची, पण थांबे असंख्य. माल उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा निघायचं, बैल आडवा आला की पुन्हा थांबायचं.

तीनचाकी मालगाडीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४८ मध्ये इटलीत पियाज्जोने स्कूटरला मागे हौदा जोडून ॲपे काढली. तीच पुढे बारामतीच्या कारखान्यातून महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली. महिंद्राची विजेवरची ट्रिओ झोर ऑक्टोबर २०२० मध्ये आली, पियाज्जोची विजेवरची मालवाहू ॲपे २०२१ मध्ये, त्यानंतर बजाजची. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने बॅटरीवरच्या वाहनांना परमिटची अट माफ केली होती. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या माणसासाठी ही मोठी सवलत होती, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

मला गुंतवून ठेवलं ते मात्र या गाडीत नसलेल्या एका भागाने. डिझेल इंजिन थांबलेलं असताना जोर देऊ शकत नाही. ते आधी फिरतं ठेवावं लागतं, आणि फिरतं इंजिन व थांबलेलं चाक यांची गाठ क्लचप्लेट घालून देते. दर वेळी निघताना ती थोडी घासते. अर्धा टन माल लादून दिवसातून दोनशे वेळा गाडी उचलायची म्हटल्यावर प्लेट किती टिकणार? जळक्या क्लचचा वास लोडिंग ऑटो चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. विजेच्या मोटरला ही अडचणच नाही. चाक स्थिर असतानाच ती पूर्ण जोर लावते. ट्रिओ झोरची मोटर ८ किलोवॉटची, टॉर्क ४२ न्यूटन-मीटर. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, थांबलेली असताना धूर नाही, आणि चालकाच्या डाव्या पायाला विश्रांती. वेग कमी करताना हीच मोटर उलटी जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. थांबत-थांबत चालणं हा डिझेल गाडीचा शत्रू आहे. विजेच्या गाडीला त्याच चालण्यातून थोडं तरी परत मिळतं. इतक्या साध्या तत्त्वाने एका कष्टाच्या धंद्यातला रोजचा त्रास जावा, याचं मला मनापासून कौतुक आहे.

हिशेबही सोपा आहे. ट्रिओ झोरची ७.३७ किलोवॉट-तासांची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पावणेचार-चार तासांत भरते. गळती धरून साडेआठ युनिट लागतात असं समजू, आणि युनिटला दहा रुपये धरू. पंच्याऐंशी रुपयांत गावातला दिवस निघतो. तेवढंच अंतर कापायला डिझेल तीन लिटरच्या आसपास लागेल.

मग पाटणी चौकात अशाच गाड्या का दिसू नयेत?

पहिली अडचण लादण्याची. कागदावर क्षमता ५५० किलो, म्हणजे सिमेंटच्या अकरा गोण्या. सोयाबीनच्या हंगामात असा हिशेब कोणी पाळत नाही. डिझेल गाडी जास्तीचा भार कण्हत का होईना ओढते. विजेच्या गाडीत तो लगेच मोटरच्या तापमानात आणि उरलेल्या किलोमीटरांत दिसतो, आणि तापलेली यंत्रणा स्वतःहून जोर कमी करते.

त्याहून मोठी अडचण उन्हाची. लिथियमच्या बॅटरीला माणसाला सोसवतं तेवढंच हवामान मानवतं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि डांबरावर उभ्या गाडीखाली त्याहून जास्त. दुपारी एकला चालक जेवायला घरी येतो. गाडी तासभर चार्जिंगला लावून संध्याकाळच्या फेऱ्या सोडवाव्यात, हा त्याचा बेत. पण बॅटरीचा पहारेकरी असलेला इलेक्ट्रॉनिक सर्किट-बोर्ड तापमान पाहून चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. त्याचं बरोबरच आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्यानंतर केंद्राने बॅटरीचे सुरक्षा नियम कडक केले ते याचसाठी. दिल्लीच्या यूलर कंपनीने आपल्या मालवाहू तीनचाकीत बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोय केली आहे. वाशीमच्या चालकाने हप्ता ठरवण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, पण दुकानात बोलणं सुरू होतं ते किलोमीटरवरून.

तिसरी अडचण दुरुस्तीची. डिझेलचं इंजिन लिंबाच्या झाडाखाली उघडून दुरुस्त करणारा मिस्त्री गावात आहे. विजेच्या गाडीत मोटर सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा दोष शोधायला लॅपटॉप लागतो, तो घेऊन कोणी अकोल्याहून येईपर्यंत गाडी उभी आणि हप्ता चालू. जुन्या ॲपेला गिऱ्हाईक मिळतं. चार वर्षं वापरलेल्या बॅटरीची किंमत काय करायची, हे सांगणारा बाजार अजून बसलेला नाही, म्हणून कर्ज देणाराही हात आखडता घेतो.

सरकारी सवलतींचं तोंड दुसरीकडेच आहे. २०२५ च्या राज्य धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारी आणि बसना टोलमाफी दिली, मालवाहू गाड्यांना नाही. समृद्धी वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगावजवळून जातो, पण तीनचाकीला तिथे प्रवेशच नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत, ते विजेची वाहनं आधीच भरपूर असलेल्या निवडक शहरांसाठी आणि निवडक महामार्गांसाठी. ज्या गावात गाड्या कमी तिथे चार्जिंग नाही, आणि चार्जिंग नाही म्हणून गाड्या कमी. बाजार समितीच्या आवारात सावलीची एक शेड, तिच्यात दहा-बारा सॉकेट आणि वेगळं मीटर, एवढ्यावर वाशीमचं काम सुरू होऊ शकतं. त्यासाठी महावितरण, नगरपरिषद आणि बाजार समिती यांनी एका टेबलाशी बसायला हवं, आणि ते पुढच्या उन्हाळ्याआधी.