आधी पुस्तक, मग लेखक

१९९८ साली अमेरिकेतल्या सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंनी एक उपक्रम काढला : अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचायचं. निवड झाली रसेल बँक्स यांच्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’ या कादंबरीची. छोट्या गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात आणि चार जण ती हकिकत आपापल्या बाजूने सांगतात. दोष कुणाचा, यावर वाचकांचं एकमत होणं अवघडच. त्यामुळे चर्चेला विषय आयताच मिळाला. बँक्स स्वतः वाचकांना भेटायला आले. २००१मध्ये शिकागोने हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ निवडली आणि ही पद्धत अनेक गावांत पोचली.

आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो. आधी पाहुणे, मग भाषण, आणि पुस्तक जमलंच तर नंतर. तो सुलटा करायचा तर तालुक्याच्या वाचनालयाने आणि जवळच्या शाळेने दोन-अडीच महिने आधी कामाला लागावं.

पहिलं काम पुस्तक ठरवण्याचं. ग्रंथपाल, मराठीचे शिक्षक आणि दोन-तीन नेमाने येणारे वाचक एवढी समिती पुरते. पुस्तक दीडशे पानांच्या आतबाहेर असावं, बाजारात मिळत असावं आणि त्यात वाद घालण्याजोगं काहीतरी असावं. लेखकाला पत्र पाठवताना तारीख, प्रवासखर्च, मुक्काम आणि मानधन स्पष्ट लिहावं. ‘आपल्या सोयीने बघू’ यात दोन्हीकडे संकोच होतो.

मग प्रती. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यानुसार अनुदान मिळतं. ड वर्गाच्या वाचनालयाला एकाच पुस्तकाच्या वीस प्रती झेपत नाहीत. म्हणून काही वाचनालयाने घ्याव्यात, काही शाळेने, आणि एकगठ्ठा खरेदीवर प्रकाशकाकडे सवलत मागावी. झेरॉक्स काढून वाटू नये. ज्याला बोलावतो आहोत, त्याचंच ते नुकसान.

चाळीस मुलांच्या वर्गाला दहा प्रती चालतात. चौघांत एक, प्रत्येकाकडे आठवडाभर. एक फेरी महिन्यात पुरी होते. मोठ्यांच्या प्रती वाचनालयातून फिरतात. प्रत्येक प्रतीत मागच्या पुठ्ठ्याला एक कोरा कागद चिकटवावा : वाचणाऱ्याने पान क्रमांक घालून एक प्रश्न लिहायचा आणि पुस्तक पुढे द्यायचं. पुढचा वाचक आधीचे प्रश्न वाचतो, कधी खाली उत्तरही लिहून ठेवतो.

लेखक येण्याच्या आठवडाभर आधी हे कागद गोळा करून निवडावेत. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न कुठल्याही लेखकाला विचारता येतो. तो बाजूला ठेवावा. ‘पान ४६वर आजी पत्र न फोडताच का ठेवते?’ हा प्रश्न पुस्तक वाचल्याशिवाय सुचत नाही. असे दहा-बारा निवडून ज्याचा प्रश्न, त्यालाच विचारायला सांगावं. आयत्या वेळी वर्गातल्या हुशार मुलीकडे सगळे सोपवू नयेत.

प्रत्यक्ष दिवशी दुपारी शाळा, संध्याकाळी वाचनालय. शाळेत सगळ्या इयत्ता मैदानात बसवण्यापेक्षा पुस्तक वाचलेला एक वर्ग घ्यावा आणि गोल बसावं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ यांत पाऊण तास जातो आणि प्रश्न आभारांच्या आधी कोंबले जातात. सत्कार दहा मिनिटांत उरकावा. लेखकाने एखादं प्रकरण दहा मिनिटं मोठ्याने वाचावं आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा. संध्याकाळी मुलांना पालकांसह बोलवावं. घरात पुस्तक दोघांनी वाचलेलं असेल, तर दोघे वेगळं बोलतात.

उपक्रम कसा झाला, हे छायाचित्रांवरून कळत नाही. देवघेवीच्या नोंदवहीवरून कळतं. पुढच्या महिन्यात त्याच लेखकाची इतर पुस्तकं किती गेली आणि शाळेतल्या किती मुलांनी बालविभागाचं सभासदत्व घेतलं, हे मोजावं. पुढच्या वर्षी अनुदानाबाहेरचा खर्च मागायला हेच आकडे कार्यकारी मंडळापुढे ठेवता येतात.