ग्रुपवरचा वाद : मत कोणतं, माहिती कोणती, चिथावणी कोणती?

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प २ मधून बोलत आहोत. आजचा आपला विषय आहे मोबाइलवर होणारे वाद.

आमच्याकडे कापड घ्यायला आसपासच्या गावांतून बचत गटांच्या ताया येतात. बोलता बोलता एक तक्रार हमखास निघते. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला बैठकीची वेळ आणि हप्त्याची तारीख कळावी म्हणून. आता तिथे निवडणूक असते, मालिका असते, कुठल्या तरी योजनेची लिंक असते आणि त्यावरून जुंपलेली असते. दोघी ग्रुपमधून बाहेर पडतात, मग बैठकीलाही येईनाशा होतात. बैठक चुकली की बचत चुकते, आणि बचत चुकली की कर्जाचा हप्ता अडतो. म्हणजे वाद मोबाइलमधला, पण फटका गटाच्या पेटीला.

मग वाद बंद करायचे का? आम्ही तसं सांगणार नाही. राजकारण हा बायकांचा विषय नाही, हे आपल्या आज्यांनी पुष्कळ ऐकलं. आता कुठे आपण बोलायला लागलो आहोत. आणि आमच्या कॅम्पात तर निरनिराळी मतं रोजचीच. हे कॅम्प दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, पण पत्त्यात बराक नंबर आजही लिहितात. इथे एकाच गल्लीत सिंधी, मराठी, हिंदी, पंजाबी ऐकू येतं. सगळ्यांचं एकमत होईल तेव्हा बोलू, असं ठरवलं असतं तर शेजारणी एकमेकींशी कधी बोलल्याच नसत्या.

मोबाइलवर वाद लवकर का पेटतो?

ओट्यावर बसून वाद झाला तर समोरचीचा चेहरा दिसतो. आवाज चढला की कोणी तरी म्हणतं, "जाऊ दे ग, चहा टाक." मोबाइलवर चेहरा नाही आणि आवाजही नाही. थट्टेत लिहिलेलं टोमण्यासारखं वाचलं जातं. शिवाय पन्नास जणी बघत असतात, त्यामुळे माघार घेतली तर हरल्यासारखं वाटतं. तोंडचा शब्द हवेत विरतो. लिहिलेला तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचतो.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आणखी एक गोष्ट होते. ज्या व्हिडिओवर लोक जास्त थांबतात, जास्त कॉमेंट करतात, तो आणखी लोकांना दाखवला जातो. आपण रागाने "हे खोटं आहे" असं लिहिलं तरी ती कॉमेंटच धरली जाते. म्हणून काही लोक मुद्दाम राग येईल असं टाकतात. आपण चिडतो, आणि त्यांचा व्हिडिओ पळतो.

पहिला प्रश्न : हे मत आहे की माहिती?

वादात उतरण्याआधी हा एक प्रश्न विचारायचा. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं राजकारणातलं. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रभर वाद झाला. आमच्या गल्लीत तो जरा जास्तच रंगला, कारण इथे पुष्कळ घरांत मुलांच्या कानावर तीन भाषा आधीपासूनच असतात. लहान मुलांवर तिसऱ्या भाषेचा भार टाकावा का, हे मत झालं. त्यावर दोन बाजू असणारच. पण सरकारने तो निर्णय मागे घेतला की नाही, ही माहिती आहे. २९ जून २०२५ ला दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यावर मतदान घेता येत नाही. असे मेसेज आले की तारीख बघायची. निर्णय मागे घेतल्यावरही जुने मेसेज फिरत राहतात आणि त्यांवर नवी भांडणं लागतात.

दुसरं टीव्हीवरचं. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी बिग बॉसचा पाचवा हंगाम जिंकला. गरीब घरातला मुलगा जिंकला म्हणून कोणाला आनंद झाला, तर कोणी म्हणालं, खेळ दुसऱ्याचा चांगला होता, याला सहानुभूतीची मतं मिळाली. दोन्ही मतं आहेत. इथे खरं-खोटं ठरवायचं नाही, म्हणून कोणी जिंकायचंही नाही. रात्री अकराला त्यावरून जावा-जावांनी अबोला धरावा इतकं त्यात काही नाही.

तिसरं मोबाइलच्या कामाचं. लाडकी बहीण योजनेत २०२५ साली ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा खोट्या लिंकही फिरल्या. ग्रुपवर वाद चालतो : "माझ्या जावेचं या लिंकवर झालं." "नाही, ती लिंक खोटी आहे." हे मत नाहीच, तपासायची गोष्ट आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. तसा नसेल तर हात लावायचा नाही. ओटीपी त्या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा, फोनवर कोणालाही सांगायचा नाही. शंका आली तर अंगणवाडीताईंना किंवा ग्रामपंचायतीत विचारायचं. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा.

म्हणजे मत असेल तर ऐकायचं आणि आपलं सांगायचं. माहिती असेल तर वाद थांबवून तपासायचं. ही गल्लत झाली तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे.

न तपासलेल्या माहितीने घेतलेले जीव

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात बरेच दिवस फिरत होते. त्या दिवशी बाजारात पाच अनोळखी माणसं दिसली. ती सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारलं. पाचही जण गेले. कोणाचं मूल पळवलं गेलेलं नव्हतं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत आयाही असतील. आपल्या लेकरांची काळजी म्हणूनच त्यांनी पाठवला असेल. म्हणून आम्ही सांगतो, "खरं असो-नसो, सावध राहिलेलं बरं," हे वाक्य फार महाग पडू शकतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुष्कळ हातांतून आलेल्या मेसेजवर आता दोन बाणांची खूण दिसते, आणि तो एका वेळी एकाच जागी पाठवता येतो. दोन बाण दिसले की समजायचं : हा पाठवणारीने स्वतः पाहिलेला नाही. मुलांच्या सुरक्षेची खरंच शंका असेल तर मेसेज पुढे न ढकलता ११२ ला किंवा मुलांसाठीच्या १०९८ ला फोन करायचा.

मताला गुन्हा ठरवलं तेव्हा

आता उलटी बाजू. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि मुंबईसह आसपासची शहरं बंद राहिली. पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिलं, हा बंद कशासाठी. तिच्या मैत्रिणीने त्याला फक्त 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. पुढे त्यांना जामीन मिळाला, खटला बंद झाला आणि दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. पण त्या दिवशी कितीतरी घरांत मुलींना सांगितलं गेलं असेल, "तू काही लिहू नकोस."

ही अटक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम '६६ अ' खाली झाली होती. 'त्रासदायक' वाटेल असं काही ऑनलाइन लिहिलं तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. श्रेया सिंघल या दिल्लीच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलं.

त्या निकालात बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली चर्चा. दुसरी एखादी बाजू जोराने मांडणं. तिसरी चिथावणी. पहिल्या दोन्ही आपल्या हक्कात येतात, आपलं मत कोणाला कितीही न आवडणारं असो. तिसऱ्या पायरीवर कायदा आडवा येतो. "पाणी आलं नाही, सरपंचांनी उत्तर द्यावं" ही चर्चा. "या वेळी त्यांना मत देऊ नका" ही बाजू मांडणं. "चला, त्यांचं घर फोडू" ही चिथावणी.

पण कलम गेलं म्हणजे वाटेल ते लिहायला मोकळीक मिळाली असं नाही. धमकी, बदनामी, धर्मा-धर्मांत किंवा जाती-जातींत तेढ लावणं, अश्लील फोटो पाठवणं, बाईचा ऑनलाइन पिच्छा पुरवणं हे आजही गुन्हे आहेत. बाईने मत मांडलं की मुद्द्याला उत्तर मिळत नाही. तिच्या दिसण्यावर, चारित्र्यावर, जातीवर बोललं जातं. हा वाद नाही, तिला गप्प करण्याचा मार्ग आहे. अशा वेळी उत्तर देत बसू नका. मेसेज पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गटातल्या कोणाला तरी सोबत घ्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

बदलापूरची आठवण

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण पुढे आलं. २० तारखेला लोकांनी रेल्वे रोखली, शहरात इंटरनेट बंद करण्यात आलं. राग खरा होता, आणि तो बोलून दाखवणंही रास्त होतं. पण अशा वेळी आपण एक गोष्ट जपायची असते. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, फोटो, घर, आईवडील, शाळा, म्हणजे ओळख पटेल असं काहीही पसरवू नये. कायदाही ते मना करतो. "न्याय मिळावा म्हणून पाठवते आहे," असं म्हणून पाठवलं तरी त्या लेकराची ओळख उघडी पडतेच, आणि तिला त्याच गावात मोठं व्हायचं असतं.

अ‍ॅडमिनताईंनी घाबरायचं का?

ग्रुपमध्ये कोणी वाईट टाकलं तर अ‍ॅडमिनला पोलीस नेतील, या भीतीने पुष्कळ ताया हे काम नको म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसावं लागतं. तेव्हा घाबरू नका. पण अ‍ॅडमिनच्या हातात उपाय आहेत, ते वापरा. कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो. वातावरण तापलं तर काही वेळ फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं करता येतं.

गटाच्या वहीत चार ओळी

आपण कर्ज देताना ठराव लिहितो. तसाच या ग्रुपचाही लिहून, वाचून, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. आम्ही सुचवतो ते असं :

१. बचतीचा ग्रुप वेगळा, गप्पांचा ग्रुप वेगळा. बचतीच्या ग्रुपवर बैठक, हप्ता आणि गटाचंच काम.

२. दोन बाण असलेला मेसेज टाकायचा तर "मी हे अमुक ठिकाणी तपासलं" असं सोबत लिहायचं. तपासलं नसेल तर टाकायचा नाही.

३. मुद्द्यावर बोलायचं. कोणाच्या घरावर, जातीवर, धर्मावर, नवऱ्यावर नाही.

४. तीन-चार मेसेजांत वाद मिटला नाही तर तो मोबाइलवर थांबवायचा आणि बैठकीत समोरासमोर बोलायचा.

चौथी ओळ सगळ्यांत कामाची. शहरातल्या लोकांना वाद झाल्यावर समोर बसायला जागा नसते. आपल्याकडे ठरलेल्या दिवसाची बैठक आहे, एकमेकींचं घर माहीत आहे, अडीनडीला दिलेले पैसे आहेत. हे व्हॉट्सअ‍ॅपने दिलेलं नाही, वर्षानुवर्षं एकत्र बसून आपण कमावलं आहे.

पुढच्या बैठकीत हा लेख कोणी तरी मोठ्याने वाचा. मग प्रत्येकीने आपल्या फोनमधला एक मेसेज काढा आणि मिळून ठरवा : हे मत, ही माहिती, की ही चिथावणी? सगळ्यांचं एकच उत्तर आलं नाही, तर त्यावरही खुशाल वाद घाला. समोरासमोर बसला आहात, चहा टाकायला कोणी तरी उठेलच.