अनियमित ठोके म्हणजे ‘अटॅक’ नव्हे

न्हावऱ्यासारख्या गावात काय नि पुण्यात काय, छातीत धडधडले की अनेकांना ‘अटॅक’च वाटतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) मात्र वेगळे. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. इथे बिघडतो ठोक्यांचा ताल. मनगटावर नाडी कधी भरभर, कधी अडखळत लागते. निदान ईसीजीवर होते, तोही शक्यतो धडधड चालू असतानाच काढावा.

मोठा धोका मेंदूला. उसाच्या पाटात पाणी तुंबले की गाळ बसतो, तसे कप्प्यात रेंगाळलेले रक्त गोठते. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. ही जोखीम हा विकार नसलेल्यांपेक्षा सुमारे पाचपट.

म्हणून धडधड थांबली तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने सोडू नये, आणि अ‍ॅस्पिरिन हा तिला पर्याय नव्हे. ही गोळी वॉरफरिन असेल, तर आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेगाची चाचणी) पाहून डॉक्टर मात्रा ठरवतात.