पहाऱ्याचे नियम आणि त्यांची दुरुस्ती

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपली विचारणा थेट त्याच्या सर्व्हरपर्यंत जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोठ्या संकेतस्थळांच्या बाबतीत बहुधा तसे होत नाही. वाटेत एक पहारा बसविलेला असतो. त्याला वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल असे लांबलचक नाव आहे. फायरवॉल म्हणजे मुळात एका घराची आग शेजारच्या घरास लागू नये म्हणून बांधलेली भिंत. परंतु या पहाऱ्याचे काम भिंतीपेक्षा जुन्या जकात नाक्यावरील कारकुनाच्या कामाशी अधिक जुळते. येणारे प्रत्येक गाठोडे सोडावयाचे, हातातील यादीशी ताडून पाहावयाचे, आणि संशय आला तर माल परत पाठवावयाचा.

या यादीत काय असते? चोरांची नावे त्यात नसतात, कारण चोर नाव बदलून येतो. त्यात मजकुराचे नमुने असतात. अमुक शब्द, त्यानंतर कितीही मोकळी जागा, मग तमुक शब्द, अशा धर्तीचे. हे नमुने लिहिण्याची एक सांकेतिक भाषा आहे. तिचा उगम स्टीफन क्लेनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या, मज्जापेशींच्या जाळ्यांविषयीच्या एका निबंधात सापडतो. या भाषेत टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, आणि तारका म्हणजे आधीचे चिन्ह शून्य वेळा किंवा हवे तितक्या वेळा. नमुन्याने पारख करण्यात एक अडचण उघड आहे. ‘युनियन’ आणि ‘सिलेक्ट’ हे दोन इंग्रजी शब्द लागोपाठ आले की माहितीसाठ्यावर हल्ला होत आहे, असा संशय घेण्याची रीत आहे. म्हणजे एखाद्या कामगार संघटनेने आपल्या समितीच्या निवडीविषयी इंग्रजीत साधे पत्र पाठविले, तरी ते दारातून परत जाण्याचा संभव असतो! यास्तव यादी सारखी सुधारावी लागते.

ही सुधारणा किती वारंवार होते याची कल्पना एका आकड्यावरून यावी. क्लाउडफ्लेअर ही अमेरिकन कंपनी जगातील असंख्य संकेतस्थळांसाठी असा पहारा ठेवते. २०१९ सालच्या जुलैपूर्वीच्या ६० दिवसांत तिच्याकडे पहाऱ्याच्या नियमांत बदल करण्याच्या ४७६ मागण्या हाताळल्या गेल्या. म्हणजे सरासरी दर तीन तासांस एक. इतके काम हाताने करणे शक्य नाही. ते आज्ञावलीमार्फत होते आणि नवा नियम काही सेकंदांत जगभर पोहोचतो.

२ जुलै २०१९ रोजी असाच एक नियम पाठविण्यात आला. भारतात तेव्हा सायंकाळचे ७ वाजून १२ मिनिटे झाली होती. नियम फक्त नोंद घेण्यासाठी होता, कोणाला अडविण्यासाठी नव्हता. तरीही क्लाउडफ्लेअरच्या जगभरच्या यंत्रांची सर्व गणनशक्ती त्या एका नियमाने खाऊन टाकली. वाहतूक ८० टक्क्यांपर्यंत घटली आणि २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळांच्या जागी लोकांना केवळ बिघाडाची सूचना दिसत राहिली. कोणी हल्ला केला नव्हता. नोंद घ्यावयाची झाली तरी गाठोडे सोडावे लागतेच, आणि ते सोडण्यातच कारकून थकून पडला.

हे कसे घडले ते समजून घेण्याजोगे आहे. त्या नियमाच्या पोटात ‘.*.*=’ असा तुकडा होता. अर्थ सोपा: कितीही अक्षरे, पुन्हा कितीही अक्षरे, मग बरोबरचे चिन्ह. आता वीस अक्षरांचा असा मजकूर घ्या की ज्यात बरोबरचे चिन्ह मुळीच नाही. माणूस एका नजरेत नाही म्हणेल. यंत्र तसे म्हणत नाही. पहिली तारका वीसही अक्षरे घेते, पुढे चिन्ह नाही. मग ती एक अक्षर सोडते, ते दुसरी घेते, तरी चिन्ह नाही. मग दुसरीही ते सोडते. असे वाटणीचे सारे प्रकार करून झाले की यंत्र दुसऱ्या अक्षरापासून पुन्हा आरंभ करते. कोणतीही क्लृप्ती न योजणाऱ्या यंत्राला वीस अक्षरांसाठी १,७७१ तपासण्या कराव्या लागतात. चाळीस अक्षरांना १२,३४१. हजार अक्षरांचा मजकूर आला तर आकडा १६ कोटी ७६ लाखांवर जातो. मजकूर दुप्पट झाला की श्रम जवळजवळ आठपट होतात. दुसरी तारका तर निव्वळ अनावश्यक होती. पहिलीनेच तेच काम झाले असते.

यावर उपाय नवा नाही. केन थॉम्सन याने १९६८ सालीच अशी रीत प्रसिद्ध केली होती की, सर्व शक्यता एकाच वेळी हाती धरून मजकुरावरून एकदाच पुढे सरकावे, मागे वळू नये. मग श्रम मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतात. पण या रीतीला ‘मघाशी सापडलेला तुकडाच पुन्हा पुढे आला आहे काय’ असे प्रश्न विचारता येत नाहीत. त्या सोयीच्या मोहाने बहुतेकांनी मागे वळणारी यंत्रे पसंत केली. २०१६ सालच्या जुलैत स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रसिद्ध संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, तेही मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका साध्या नमुन्यामुळे.

क्लाउडफ्लेअरजवळ अशा अतिश्रमाला आळा घालणारी एक तरतूद होती. काही आठवड्यांपूर्वी पहाऱ्याचे श्रम कमी करण्यासाठी केलेल्या फेरबदलात ती चुकून काढली गेली होती. शिवाय कंपनीचे स्वतःचे नियंत्रणकक्ष त्याच पहाऱ्याच्या आड होते. त्यामुळे दुरुस्तीस धावलेल्या माणसांनाही आत शिरणे कठीण गेले. अखेर पहारा सरसकट उठविला, तेव्हा वाहतूक सुरू झाली.

ही चूक गाजली, कारण तिने आवाज केला. आज्ञावलीने नियम बदलताना दुसरी एक चूक होते, ती मला अधिक घातक वाटते, कारण ती मुकी आहे. अ‍ॅमेझॉनच्या पहाऱ्यात नमुन्यांचा संच बदलताना नवी ओळ जोडता येत नाही. संपूर्ण संच नव्याने द्यावा लागतो. एखाद्याने केवळ आपला नवा नमुना पाठविला, तर जुने सारे नाहीसे होतात. संकेतस्थळ पूर्ववत चालू राहते, कोणाची तक्रार येत नाही, आणि दार उघडे असते. म्हणून आधी संच वाचावा, त्यात भर घालावी आणि मग सगळा परत द्यावा.

मधल्या वेळात दुसऱ्या कोणी बदल केला तर? त्यासाठी संच वाचताना एक बिल्ला मिळतो आणि परत देताना तोच दाखवावा लागतो. दरम्यान संच बदलला असेल तर बिल्ला शिळा ठरतो व विनंती नाकारली जाते. एकाच खातेवहीच्या दोन नकला करून दोघांनी त्यांत निरनिराळ्या दुरुस्त्या करू नयेत, यासाठी ही योजना आहे. पण उतावळा प्रोग्रॅमर नकार येताच फक्त नवा बिल्ला घेतो आणि हातातील जुनीच नक्कल पुढे रेटतो. मग सहकाऱ्याची दुरुस्ती पुसली जाते, ती नियमाप्रमाणे पुसली जाते एवढेच! नवा बिल्ला घ्यावयाचा तर संचही नव्याने वाचला पाहिजे.

क्लाउडफ्लेअरने त्यानंतर मागे न वळणारे यंत्र स्वीकारण्याचे ठरविले आणि नियमही टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे मान्य केले. मात्र चालू असलेल्या हल्ल्याच्या प्रसंगी ते तत्काळ पाठविण्याची मुभा राखली. ती राखणे योग्यच होते, कारण हल्लेखोर टप्प्यांसाठी थांबत नाही. त्या दिवशीचा नियमही चाचणीवाचून गेला नव्हता. तो काय पकडतो आणि काय सोडतो, हे तपासले होते. त्याला श्रम किती पडतात हे तपासण्याची सोयच त्या चाचणीत नव्हती. ज्यात नमुना सापडणारच नाही असा हजार अक्षरांचा मजकूर घेऊन घड्याळ लावले असते, तरी ते दिसले असते.