तार तांब्याचीच हवी का?

घरच्या घरी रेडिओसाठी लूप अँटेना करायला घेतला की पहिला प्रश्न हमखास तारेचा येतो. तांब्याचीच घ्यायची, की ॲल्युमिनियमची चालेल? दुकानदार सगळ्यात महाग रीळ पुढे करतो आणि घरचे "तार ती तार, काय फरक पडतो?" म्हणून मोकळे होतात. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. अँटेना हा विषय बीईला परीक्षेपुरता वाचलेला. पण मागच्या हिवाळ्यात एकाच चौकटीवर चार वेगवेगळ्या तारा गुंडाळून पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या वाचकांसाठी मांडतो.

हा उद्योग सुरू झाला आजीमुळे. ती लग्न होऊन नागपूरहून इथे लष्करात आली, त्याला साठ वर्षं होऊन गेली. आता तिला नीट दिसत नाही. मोबाइलवर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात हे खरं, पण गुळगुळीत काचेवर तिला काही सापडत नाही. रेडिओचं बटण मात्र तिच्या बोटांना पाठ आहे. तिची मागणी एकच होती, "नागपूर लागतंय का बघ."

नागपूर केंद्र मध्यमलहरींवर ५८५ किलोहर्ट्झला आहे. ग्वाल्हेरहून सरळ रेषेत अंतर साधारण ५७० किलोमीटर. दिवसा इतक्या लांबून काही येत नाही, कारण वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. तेव्हा आमच्या ट्रान्झिस्टरवर नागपूर कुजबुजायचं, पण खरखरीखाली दबून. लूप लागते ती इथे.

रचना सोपी आहे. लाकडी पट्ट्यांची फुली करून तिच्यावर ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन होईल असे १२ वेढे घ्यायचे, दोन वेढ्यांमध्ये अर्धा सेंटिमीटर जागा सोडून. तार जवळपास २९ मीटर लागते. तिची दोन टोकं जुन्या रेडिओतल्या ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला जोडायची. ट्रान्झिस्टर लूपच्या शेजारी नुसता ठेवायचा, तारेनं जोडायचा नाही. रेडिओ ५८५वर ठेवून गँग हळूहळू फिरवला की एका जागी आवाज एकदम वर येतो.

हे कसं होतं ते झोपाळ्यावरून समजेल. योग्य वेळी हलके हलके धक्के दिले तरी झोका उंच चढतो. पण कड्या गंजलेल्या असतील तर कितीही ढकला, तो जागच्या जागीच डुलतो. दूरच्या केंद्राची लहर म्हणजे ते हलके धक्के आणि तारेचा विद्युतरोध म्हणजे गंजलेली कडी. म्हणून तार महत्त्वाची.

आता गंमत पाहा. इतक्या वेगानं उलटसुलट होणारा प्रवाह तारेच्या पोटातून जातच नाही, फक्त सालीतून वाहतो. ५८५ किलोहर्ट्झला तांब्यात ही साल जेमतेम ०.०९ मिलिमीटर असते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. पण त्यात प्रवाह जरा खोलवर जातो, त्यामुळे प्रत्यक्षात रोध फक्त पाव हिश्शानं वाढतो. चांदीचंही तसंच. तांब्यापेक्षा ती सरस खरी, पण या कामात फायदा फार तर तीन टक्क्यांचा. चांदीचा मुलामा दिलेल्या तारेवर पैसे घालवू नयेत.

माझ्या चौकटीवर पहिली गुंडाळली मोटर वाइंडिंगची १८ गेजची तांब्याची इनॅमल तार. नागपूर स्वच्छ आलं. मग त्याच गेजची ॲल्युमिनियमची तार घेतली. हल्ली वाइंडिंगच्या दुकानात तीही मिळते. आजीला न सांगता बदल केला. तिला फरक कळला नाही, मलाही नाही. वजनात मात्र मोठा फरक. २९ मीटर तांबं सुमारे ३०० ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम १०० ग्रॅमच्या आतच. त्यामुळे पट्ट्या वाकत नाहीत. अडचण एकच, ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. टोकं खरवडून लगेच स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट कसावी लागतात. जोड सैल राहिला तर धातू कोणताही असो, सगळी मेहनत वाया.

तिसरी तार घरातल्या वायरिंगची, प्लास्टिकच्या आवरणाची. तीही पास झाली.

चौथी कुंपणाला वापरतात ती जस्त चढवलेली लोखंडी तार. तिथे गँग फिरवा, न फिरवा, सारखंच. लोखंडाचा रोध तांब्याच्या सहापट तर आहेच. शिवाय ते चुंबकीय असल्यामुळे प्रवाहाची साल फारच पातळ होते. दोन्ही मिळून तोटा दहा-वीसपटींवर जातो. जस्ताचा थर इतका पातळ असतो की तो वाचवू शकत नाही.

बाजारातून तार आणताना एक काळजी घ्या. तांब्याच्या नावाखाली आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी तार सर्रास विकली जाते. टोक ब्लेडनं तासलं की आतला पांढरा रंग दिसतो. ती लूपला चालेल, पण ॲल्युमिनियमच्या भावात.

जाणकार मंडळी लिट्झ तारेची शिफारस करतात. अनेक बारीक, प्रत्येकी वेगळं इनॅमल असलेले धागे गुंफून ती करतात, त्यामुळे साल वाढते. दहा मेगाहर्ट्झसारख्या लघुलहरींवर तिचा उपयोग नाही; मध्यमलहरींच्या खालच्या भागात मात्र ती खरोखर सरस आहे. पण झोका फारच छान चढला की लूप एका बारीक पट्ट्यापुरतीच ऐकते आणि निवेदकाचा आवाज घशात अडकल्यासारखा येतो. बातम्या ऐकणाऱ्या माणसाला ते नको असतं.

धातूपेक्षा जास्त फरक पडतो तो या गोष्टींनी: वेढे एकमेकांना चिकटू देऊ नका; तार एक मिलिमीटरच्या आसपास जाड घ्या; चौकट जमेल तेवढी मोठी करा. लूपची कड केंद्राकडे हवी, तोंड नाही. ग्वाल्हेरहून नागपूर जवळजवळ थेट दक्षिणेला आहे, म्हणून चौकट उत्तर-दक्षिण धरावी. आणि खोलीतले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर बंद करावेत. आमच्याकडे एका चार्जरची खरखर चारही तारांमधल्या फरकापेक्षा मोठी निघाली.

तो बंद केल्यावर संध्याकाळी निवेदिकेचं पहिलं वाक्य ऐकून आजी म्हणाली, "आवाज आपल्याकडचा आहे." कार्यक्रम कोणता चाललाय हे तिनं विचारलंही नाही.

करून पाहायचं असेल तर लांबणीवर टाकू नका. आकाशवाणीनं गेल्या काही वर्षांत मध्यमलहरींचे कित्येक प्रक्षेपक बंद केले आहेत आणि एकदा बंद पडलेलं केंद्र कुठल्याही तारेनं परत येत नाही. थंडीत रात्री मोठ्या असतात, विजांची कडकड नसते. तेच दिवस चांगले. माळ्यावर पडलेली कोणतीही तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार काढा आणि सुट्टीच्या दुपारी मुलांना हाताशी घेऊन बसा. नवीन विकत आणायची गरज नाही. लोखंडाची तेवढी कुंपणालाच राहू द्या.