विज्ञानाची पदवी आणि पेटंटचा व्यवसाय

शेतकऱ्याचा मुलगा वा मुलगी कृषि महाविद्यालयातून पदवी घेऊन घरी आली, की पुढे काय करावे हा प्रश्न घरात निघतोच. कोणी नोकरी शोधतो, कोणी घरच्या शेतीत लक्ष घालतो, तर कोणी पदव्युत्तर शिक्षणास जातो. या वाटांखेरीज आणखी एक वाट आहे, पण खेड्यात तिची माहिती फारशी पोहोचलेली नाही. ती म्हणजे पेटंटच्या कायद्याचा व्यवसाय. या व्यवसायात विज्ञानाच्या पदवीचा उपयोग किती, आणि तिच्यावर आणखी दोन वर्षे शिकणे फायद्याचे ठरते काय, याचा विचार आधीच केलेला बरा. पुढच्या शिक्षणाचा खर्च पुष्कळदा एखाद्या हंगामाच्या पिकावर किंवा कर्जावर उभा असतो.

पेटंट म्हणजे काय?

नवीन, उपयुक्त आणि त्या विषयातील जाणत्याला सहज न सुचणारा शोध लावणाऱ्यास सरकार ठराविक मुदतीचा हक्क देते. त्यालाच पेटंट किंवा एकस्व म्हणतात. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांची आहे. या मुदतीत त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्यास ती वस्तू बनविता वा विकता येत नाही. मात्र त्याबद्दल शोधकर्त्याने आपला शोध लेखी व स्पष्टपणे उघड करावा लागतो.

या लेखाचा गाभा म्हणजे त्यातील दावे. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात, तशी दाव्यांत शोधाची सीमा लिहितात. समजा, एखाद्याने पाभरीच्या नळीत बी अडकू नये अशी योजना केली. दावा केवळ त्याने वापरलेल्या लोखंडी पट्टीपुरता लिहिला, तर शेजारचा कारखानदार लाकडी पट्टी बसवून मोकळा होईल. दावा फार ऐसपैस लिहिला, तर जुन्या अवजारांचा दाखला देऊन तो कोणीही हाणून पाडील. म्हणून दावा लिहिणाऱ्यास कायदा आणि अवजार ही दोन्ही कळली पाहिजेत.

पदवी कोठे आवश्यक आहे?

शोधकर्ता स्वतः अर्ज करू शकतो. परंतु दुसऱ्याच्या वतीने पेटंट कार्यालयात काम चालविण्यासाठी पेटंट एजंट म्हणून नोंदणी लागते. 1970 च्या पेटंट कायद्याच्या 126 व्या कलमाप्रमाणे उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय 21 वर्षे पूर्ण असावे आणि त्याने विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञान यांतील पदवी घेतलेली असावी. त्यानंतर परीक्षा असते. तीत एक प्रश्नपत्रिका कायदा व नियमांची, दुसरी पेटंटचे लेख लिहिण्याची व त्यांचा अर्थ लावण्याची, आणि शेवटी तोंडी परीक्षा असते. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत 50 टक्के व एकूण 60 टक्के गुण मिळवावे लागतात.

या नोंदणीसाठी कायद्याच्या पदवीची अट नाही. उलटपक्षी, पेटंटचा भंग झाल्याचा दावा न्यायालयात चालविणे हे वकिलाचे काम आहे. तेथे विधिपदवी व सनद लागते. ज्याने विज्ञानाच्या पदवीनंतर तीन वर्षांचा विधि अभ्यासक्रम पुरा केला, त्याला कार्यालय व न्यायालय अशी दोन्ही दारे उघडी होतात.

पदव्युत्तर पदवीचा लाभ किती?

एजंटाच्या परीक्षेस पहिली पदवी पुरते. तेव्हा केवळ त्या परीक्षेसाठी एम.एस्सी. करण्याचे कारण नाही. पेटंट कार्यालयातील परीक्षकाच्या नोकरीचा विचार मात्र वेगळा आहे. रसायनशास्त्र, जीवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांतील जागांसाठी पदव्युत्तर पदवी मागितली जाते, तर यंत्र वा विद्युत् अभियांत्रिकीच्या जागांसाठी पदवी पुरेशी धरली जाते. परीक्षक वा नियंत्रक म्हणून एकूण 10 वर्षे काम करून ते पद सोडणाऱ्यास पुढे परीक्षेवाचून एजंट होता येते.

प्रत्यक्ष व्यवसायातही असाच भेद आढळतो. नांगर, पंप, मळणीयंत्र यांचा शोध समजून घेण्यास अभियांत्रिकीची पदवी व कारखान्यातील थोडा अनुभव पुरतो. कीडनाशकाचे रसायन किंवा जिवाणू-संवर्धन यांविषयीचा लेख वाचावयाचा, तर विषयाचा अधिक खोल अभ्यास लागतो आणि तेथे पदव्युत्तर पदवीचे चीज होते. आचार्य पदवीस कित्येक वर्षे जातात. संशोधनाची खरी ओढ असेल तरच ती घ्यावी. केवळ वकिलीस वजन यावे म्हणून इतकी वर्षे खर्च करणे बहुतेकांस परवडणारे नाही.

हळदीचा धडा

शास्त्राचे ज्ञान कायद्याच्या लढ्यात कसे कामी येते, याचे उदाहरण घरातल्या हळदीचेच आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत देण्यात आले. हा उपाय तर आपल्याकडे प्रत्येक आजीला ठाऊक! परंतु आजीचे सांगणे कार्यालयात पुरावा ठरत नाही, तेथे छापील दाखला लागतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतून, तसेच 1953 सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातून असे दाखले काढले. एकूण 32 दाखले पुढे ठेवण्यात आले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते मूळचे गोव्यातील माशेलचे व शिक्षणाने रसायन-अभियंते.

बासमतीच्या बाबतीतही असेच घडले. 1997 साली अमेरिकेतील एका कंपनीस मिळालेल्या पेटंटाविरुद्ध भारताने दाण्यांच्या गुणधर्मांचा शास्त्रीय पुरावा दिला, आणि 2000 साली त्या कंपनीने त्यातील काही दावे मागे घेतले. या दोन्ही प्रसंगी कायद्याच्या जोडीला शास्त्र उभे राहिले, म्हणूनच यश आले.

गावात काय सांगावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नवे अवजार बनविणाऱ्याने अर्ज करण्यापूर्वी ते बाजारात वा जत्रेत मांडू नये. तसे केल्यास त्याचे नवेपण संपून हक्क जाण्याचा संभव असतो. शोध अर्धवट असल्यास तात्पुरता अर्ज करून 12 महिन्यांत पूर्ण लेख देता येतो. दुसरी, शेतीची पद्धत तसेच बियाणे व पिकांचे वाण यांना भारतात पेटंट मिळत नाही. नव्या वाणासाठी 2001 चा पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, आणि त्याखालील कामकाजात शेतकऱ्यास फी द्यावी लागत नाही. तिसरी, कोणाचे पेटंट अन्यायाने होऊ घातले असेल, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यावर व पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणासही लेखी हरकत घेता येते.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात वेगळ्या लोंब्या निवडून एच.एम.टी. हे भाताचे वाण सिद्ध केले. त्याचा प्रसार दूरवर झाला, परंतु त्यांच्या हाती पैसा फार थोडा आला. 2018 साली ते निवर्तले. अशा शेतकऱ्याच्या शेजारी बसून त्याचे काम नेमक्या शब्दांत व योग्य कायद्याखाली लिहून देणारा माणूस गावातच हवा. कृषि-पदवीधराला पीकही समजते आणि शेतकऱ्याची बोलीही समजते. त्याने कायद्याचा अभ्यास जोडला, तर त्याच्या पदवीचा लाभ त्याच्या घराबरोबर गावालाही होईल.