दोन्हीकडून दहा-दहा

वरोरमध्ये सकाळी लवकर उठलं की कुठल्या ना कुठल्या पडवीतून कानशीचा आवाज येतो. चिंचणीपासून डहाणूपर्यंतच्या या किनारपट्टीवर घरोघरी दागिन्यांचे डाय बनतात. पोलादाच्या ठोकळ्यात पान, फूल, मोर कोरायचा, मग सोनार त्यावर पत्रा दाबून नक्षी उठवतो. अशाच एका डायमेकर काकांच्या व्हाइसवर आमच्या माउंटन बाइकची हँडलं कापली जातात. त्या पडवीत मी जे शिकलो, ते मला सायकल घेताना दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात माझ्याच सायकलपासून झाली. तिच्यासोबत आलेलं हँडल 780 मिलिमीटरचं. डांबरी रस्त्यावर राजेशाही वाटायचं, पण चिकूच्या वाड्यांमधल्या पायवाटेवर दोन्ही बाजूंना कुंपण. तिसऱ्याच दिवशी करंगळी सोलून निघाली. तसाच काकांकडे गेलो आणि म्हणालो, ‘साठ मिलिमीटर कापून टाका.’

काकांनी हॅक्सॉला हातही लावला नाही. ‘साठ कुणी सांगितलं? डायमध्ये एक रेघ जास्त खोल गेली तर ठोकळा भंगारात जातो. कापायला दोन मिनिटं लागतात रे, वाढवणार कसं?’

मग आम्ही मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती केली. जोर काढायला टेकतात तसे हात जमिनीवर टेकायचे, जिथे बळ सगळ्यात सहज लागतं तिथे थांबायचं आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं. माझं 745 भरलं. हा आकडा फक्त सुरुवातीचा. खरी परीक्षा पुढे असते: हँडल न कापता ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर आत सरकवायचे, बाहेर राहिलेल्या नळीचं तोंड बुचाने बंद करायचं (उघडी नळी पडल्यावर पोटात घुसू शकते, इथे आळस नको), आणि पंधरा दिवस नेहमीच्या वाटांवर चालवायची.

त्या पंधरा दिवसांत मी गंभीरगडाच्या बाजूच्या दगडी उतारांवर गेलो. पुढचं चाक दगडाला अडून वळायला बघतं तेव्हा रुंद हँडलच्या लांब तरफेमुळे ते हातात राहतं. अरुंद हँडल चटकन वळतं खरं, पण तितक्याच चटकन हातातून हिसकाही खातं. शेवटी मी 750 वर थांबलो. कुंपणापाशी सायकल किंचित कलती करून काढायची सवय झाली. साठ कापले असते तर आज त्या उतारांवर मला पस्तावायला झालं असतं.

हँडल एवढं रुंद झालं तरी कसं? 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर उतार उतरायची शर्यत लावली. ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा, तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं. त्या सायकलींना रुंद हँडलं होती. पुढे शर्यतवाल्यांनी ती छाटत नेली, नव्वदच्या दशकात 560 ते 600 मिलिमीटर नेहमीचं झालं आणि त्याच्यासोबत लांबलचक स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) आला. मग चाकं 29 इंची झाली, स्टेम 35 ते 50 मिलिमीटरवर आला आणि हँडल परत रुंदावलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो शेजारच्या कॉलेजातल्या मुलीचा किस्सा. भावाची सायकल चालवायची, 760 चं हँडल. मान आणि खांदे आखडायचे. कुणी सीट खाली करायला सांगितली, कुणी पुढे सरकवायला. काकांनी सीटकडे पाहिलंही नाही. ग्रिपवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हे बघ, बाळा.’ ग्रिपचा आतला अर्धा भाग झिजून गुळगुळीत, बाहेरच्या अर्ध्यावर नक्षी जशीच्या तशी. तिचे तळवे रोज आपोआप आत सरकत होते. तळवा ग्रिपच्या बाहेर लोंबत असेल तर उलटं समजावं: हँडल अपुरं पडतंय.

तिला 720 बसलं. कापण्याआधी लिव्हर आत सरकवून पाहिले, कारण मधल्या भागाकडे नळी जाड होत जाते आणि तिथे लिव्हरचा क्लॅम्प बसत नाही. तेवढी जागा नसेल तर त्या हँडलला कापण्यात अर्थ नाही. खाऱ्या हवेने ग्रिपचे स्क्रू गंजून बसले होते, ते सोडवण्यातच अर्धा तास गेला. मग चिकटपट्टी गुंडाळून खूण केली, सरळ कापायला जुन्या ग्रिपची लोखंडी रिंग घट्ट आवळून तिच्या कडेला ब्लेड लावलं, शेवटी कानशीने धार मारली. कार्बनचं हँडल असतं तर बारीक दात्यांचं ब्लेड आणि तोंडाला मास्क हवाच, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये.

एका मुलाने घरीच कापलं होतं. एक बाजू जरा जास्त गेली, म्हणून दुसरी कापली, मग ती जास्त गेली. लोण्याच्या वाटणीतल्या माकडासारखं होत होत 740 चं 690 झालं. त्याने बिचाऱ्याने पैसे साठवून नवं घेतलं आणि तेव्हापासून तो पहिला टेप घेऊन येतो.

मुलीचं हँडल कापून झाल्यावर काकांनी दोन्ही चकत्या व्हर्नियरमध्ये धरल्या. दोन्ही वीस भरल्या. मग खिळ्याला टांगलेल्या तारेत त्या ओवल्या. त्या तारेत माझ्याही दोन आहेत, पंधरा-पंधराच्या.

ती ओहोटीच्या वेळेला निघाली. बोंबील वाळवायच्या वलांड्यांमधून, कुठेही न थांबता, थेट ओल्या वाळूवर.